आसऱ्याला आलेले मांजर



आपल्या शहरातील जैन घरांत अलीकडे एक नवा विषय निघू लागला आहे. मुलगी मोबाईलवर प्राण्यांच्या एखाद्या निवारा केंद्राने पाठवलेले छायाचित्र दाखवते. रस्त्यावरून जखमी अवस्थेत उचलून आणलेले आणि आता बरे झालेले मांजर त्यात असते. खाली 'घर हवे आहे' एवढेच शब्द असतात. मुले म्हणतात, आणू या. आई विचारते, स्वयंपाकघराचे काय? आजी म्हणतात, मांजर मांस खाणारा प्राणी, तो आपल्या घरात कसा चालेल? वडील नुकतेच दुकान बंद करून आलेले असतात. ते म्हणतात, रविवारी पाहू.

या तिन्ही पिढ्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून या महिन्यात आपण दोन गोष्टींचा विचार करणार आहोत. निवारा केंद्रातील मांजर घरी आणावे की नाही, हे कसे ठरवावे. आणि आणायचे ठरले तर ते घरात कसे रुळवावे.

मांजर आपल्या व्यापारी कुटुंबांना अनोळखी नाही. जुन्या मोंढ्यातील धान्याच्या गोदामांत, गुलमंडी आणि सिटी चौक परिसरातील वाड्यांत मांजरे पूर्वापार वावरत आली. ती कोणाची नसत. येत, उंदरांमागे धावत, माळ्यावर पिल्ले देत आणि निघून जात. त्यांच्या पोटापाण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नसे. आज सिडको, गारखेडा, उल्कानगरी किंवा ज्योतीनगर येथील सदनिकेत दार बंद करून जे मांजर आपण ठेवू, त्याचे खाणे, पाणी, औषध, शौच आणि खेळ हे सर्व आपल्या हाती येते. वाड्यातले मांजर आपली सोय आपण पाहत असे. सदनिकेतल्या मांजराला ती मुभा नाही.

परंपरा काय सांगते?

असहाय प्राण्याला आसरा देणे हा आपल्या समाजाचा जुना संस्कार आहे. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून मोठा उद्रेक झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, मोतीशा शेठ आणि पारशी समाजातील सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. आज ज्याला आपण निवारा केंद्र म्हणतो, त्याचे एक जुने रूप व्यापारी महाजनांच्या या पांजरपोळीत दिसते.

तरीही मांजराच्या बाबतीत ज्येष्ठांच्या मनात जी शंका येते तिलाही आधार आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत 'असतीपोषण' सांगितले आहे. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी 'योगशास्त्रा'त त्याचे विवेचन करताना मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर यांच्या धनासाठी केलेल्या पालनाचा उल्लेख केला आहे. येथे 'धनासाठी' या शब्दाकडे लक्ष द्यावे. उंदीर मारावेत आणि माल वाचावा म्हणून गोदामात मांजर बाळगणे वेगळे; ज्याला जायला जागा नाही अशा जीवाला आसरा देणे वेगळे. हेतू बदलला की कृतीचा विचारही वेगळा करावा लागतो.

यावर निर्णय देणे हे या सदराचे काम नव्हे. मनात संशय असेल तर आपल्या गुरुमहाराजांना अवश्य विचारावे. मात्र प्रश्न पूर्ण विचारावा. 'मांजर ठेवू का?' एवढे विचारून थांबू नये. 'त्याच्यासाठी मांसयुक्त खाद्य घरात आणावे लागेल, तरी ठेवू का?' असे विचारावे. अर्धा प्रश्न विचारून मिळवलेली अनुमती पुढे कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

मांजर शाकाहारी होऊ शकते का?

वरण-भात, पोळी आणि दूध यांवर मांजर निरोगी राहू शकत नाही. कुत्रा मिश्र आहारावर जगू शकतो. मांजराच्या शरीराची घडणच मांसाहारासाठी झालेली आहे. टॉरिन नावाचा जो घटक माणसाचे शरीर स्वतः तयार करते, तो मांजराचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही. तो आहारातूनच मिळावा लागतो आणि निसर्गात तो मुख्यतः प्राण्यांच्या मांसात असतो. टॉरिन कमी पडल्यास मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. त्याच कमतरतेने हृदय दुर्बळ होते, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधनातून स्पष्ट झाले. गाजर, भोपळा यांतील पिवळ्या रंगद्रव्यापासून आपले शरीर जीवनसत्त्व 'अ' बनवते. मांजराला तेही जमत नाही.

कृत्रिम टॉरिन घातलेले, वनस्पतिजन्य घटकांचे तयार खाद्य काही ठिकाणी मिळते. त्याच्या योग्यतेविषयी पशुवैद्यांत एकमत नाही. विशेषतः बोक्यांमध्ये लघवीचा मार्ग खड्यांनी अडण्याचा धोका लक्षात ठेवावा लागतो. असे खाद्य द्यायचेच असेल तर पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि नियमित तपासण्या करूनच द्यावे. घरच्या स्वयंपाकाचा प्रयोग तर मुळीच करू नये. त्याचा परिणाम काही महिन्यांनी दिसतो आणि अंधत्व आल्यावर गेलेली दृष्टी परत येत नाही.

दुधाचेही तसेच आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते असे आपण म्हणतो आणि दूध हेच त्याचे अन्न समजतो. वास्तविक वाढ झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. त्याने जुलाब होतात. मांजराला प्यायला पाणीच द्यावे.

येथे कोणी म्हणेल, भगवान महावीरांचे लांछनच सिंह आहे आणि पूर्वभवातील सिंहाने तर मुनींच्या उपदेशाने मांस सोडले होते. ती कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. त्या सिंहाला बोध झाला आणि त्याने स्वतः त्याग केला. तो त्याग त्याचा होता, कोणी त्याच्या पुढ्यातले अन्न काढून घेतले नव्हते. आपल्याजवळच्या वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या लेण्यात, इंद्रसभेत, अंबिका देवी सिंहासह विराजमान आहे. तेथेही शिल्पकाराने सिंह सिंहच ठेवला आहे. आपले व्रत आपण पाळावे. ज्याला व्रत म्हणजे काय हे कळत नाही अशा जीवावर ते लादल्याने त्याला पुण्य लाभत नाही, फक्त भूक लागते.

मर्यादा आधी ओळखावी

दिल्लीच्या चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारात जैन समाजाने चालवलेले धर्मार्थ पक्षी रुग्णालय प्रसिद्ध आहे. तेथे धान्य खाणाऱ्या पक्ष्यांना दाखल करून घेतात. घार, ससाणा यांसारख्या शिकारी पक्ष्यांवर मलमपट्टी केली जाते, पण त्यांना मांस द्यावे लागत असल्याने आत ठेवून घेतले जात नाही. याच शहरात दोन मुस्लिम बंधूंनी जखमी घारींसाठी स्वतंत्र केंद्र उभे केले. त्यांच्यावरचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा २०२२ चा माहितीपट जगभर गाजला. रुग्णालयाने आपली मर्यादा आधी सांगितली, म्हणून घारीला दुसरे दार शोधता आले. घारीला दाखल करून तिला डाळ-तांदूळ खाऊ घातले असते, तर ती दया ठरली नसती.

आपल्या घरासमोरही असेच तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग : मांसयुक्त तयार खाद्य घरात येऊ देण्यास कुटुंबाची संमती असेल, तर मांजर आणावे. कोरडे दाणेदार खाद्य बंद डब्यात, स्वयंपाकघराबाहेर, मांजराच्या जागेतच ठेवावे. वाटी, चमचा आणि घासणी वेगळी असावी. ती धुण्यासाठीही स्वयंपाकघराची मोरी वापरू नये. हे काम घरातील कोण करणार, ते नावानिशी ठरवावे.

दुसरा मार्ग : खाद्याला संमती नसेल, तर मांजर आणू नये. त्यात कमीपणा नाही. निवारा केंद्रातील मांजरांच्या लसीकरणाचा किंवा नसबंदीचा खर्च उचलता येतो. उन्हाळ्यात पाण्याची भांडी, पंखे, चादरी, जुनी सतरंजी देता येते. व्यापाऱ्याच्या घरातून हिशेब ठेवून नियमित गेलेली मदत संस्थेला फार उपयोगी पडते.

तिसरा मार्ग : मुलांना प्राण्याचा सहवास हवा असेल आणि घराला मांजर शक्य नसेल, तर रविवारी निवारा केंद्रात किंवा गोशाळेत सेवेसाठी जावे.

घरातील एकाही ज्येष्ठाच्या मनाविरुद्ध मांजर आणू नये. दोन महिन्यांनी परत पाठवलेल्या मांजराला पुन्हा नव्याने भीती शिकावी लागते.

येण्यापूर्वीची तयारी

आणायचे ठरले, की निवारा केंद्राला काही गोष्टी विचाराव्यात : मांजराचे अंदाजे वय, झालेल्या लसी, नसबंदी झाली आहे का, सध्या कोणते खाद्य खाते, लहान मुलांना घाबरते का. सुरुवातीचे काही दिवस तेच खाद्य आणि शौचासाठी तीच वाळू वापरावी. आहारात बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. पिसवा आणि जंत यांवरचे उपचार मांजर घरी येण्यापूर्वीच केंद्रात पूर्ण करून घ्यावेत. नंतर अंथरुणात पिसवा झाल्यावर औषध फवारण्याची वेळ येते, ती आपल्याला अधिक खटकणारी असते. वेळेवर केलेली स्वच्छता हीच येथे मोठी यतना आहे.

सुरुवातीला मांजराला एकच खोली द्यावी. देवघर किंवा स्वयंपाकघराला लागून नसलेली, कमी वर्दळीची खोली उत्तम. त्या खोलीत एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे, दुसऱ्या कोपऱ्यात खाद्य आणि त्यापासून थोडे दूर पाणी ठेवावे. शौचाच्या जागेजवळ मांजर जेवत नाही. एक पुठ्ठ्याचे खोके आडवे करून, त्यात जुना सुती कपडा अंथरून ठेवावे. कापड दुकानदाराच्या घरी खोक्यांना काय तोटा! हे खोके क्षुल्लक वाटेल, पण त्याचे महत्त्व तपासून पाहिले गेले आहे. नेदरलँड्समधील एका निवारा केंद्रात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपण्यासाठी खोके दिले आणि काहींना दिले नाही. ज्यांना खोके मिळाले ती मांजरे पहिल्या काही दिवसांतच अधिक शांत झाली. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

खिडक्या आणि गॅलरीला मजबूत जाळी बसवून घ्यावी. मांजर कितीही चपळ असले तरी पक्ष्यामागे झेपावताना तोल जाऊन वरच्या मजल्यावरून पडते. आपल्या अनेक घरांत गॅलरीत कबुतरांना ज्वारी टाकण्याची प्रथा आहे. मांजर आणल्यावर त्याच गॅलरीत दाणे टाकू नयेत. एका जीवाला खाऊ घालण्यासाठी बोलावून दुसऱ्याच्या तोंडी देणे कोणालाच मान्य होणार नाही. दाण्यांची जागा गच्चीवर किंवा सार्वजनिक चबुतऱ्यावर न्यावी. मांजर कायम घरातच ठेवण्याचे हेही एक मोठे कारण आहे. जाळीच्या आत राहणारे, पोटभर खाल्लेले मांजर कबुतराच्या वाटेला जाऊ शकत नाही.

घरातील काही वस्तू आवरून ठेवाव्या लागतात. सुई-दोरा, जरीचे धागे, साड्यांच्या गठ्ठ्यांची सुतळी आणि राखीचे गोंडे मांजर खेळता खेळता गिळते. असा धागा आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येते. संक्रांतीचा मांजाही तितकाच घातक. कपड्यांतील डांबरगोळ्या, फिनेल, पुष्पगुच्छातील लिलीची फुले ही मांजरासाठी विषारी आहेत. लिलीचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा-लसूणही मांजराला विषारी असतो. जेथे तो घरात येतच नाही, तेथे ही एक काळजी मुळातच कमी!

पहिले तीन दिवस

मांजर आणण्याचा दिवस विचारपूर्वक निवडावा. पर्युषण, दिवाळीचे फटाके, घरातील लग्नकार्य, पारण्याचा समारंभ अशा दिवसांत आणू नये. माणसाला ऐकू येते त्याच्या सुमारे तिप्पट उंच स्वर मांजराला ऐकू येतात. ताट पडल्याचा आवाजही त्याला मोठा वाटतो. शक्यतो सकाळी, बंद पिंजऱ्यात, वर कापड टाकून आणावे. दुचाकीवर मांडीवर धरून आणण्याचे धाडस करू नये.

खोलीत पिंजरा ठेवून दार उघडावे आणि बाजूला व्हावे. मांजर लगेच बाहेर येईलच असे नाही. बहुधा ते पलंगाखाली किंवा कपाटामागे जाईल आणि दिवसभर तेथेच राहील. त्याला ओढून बाहेर काढू नये. शेजाऱ्यांना, आत्या-मामांना आणि मुलांच्या मित्रांना पहिल्या आठवड्यात दर्शनाला बोलावू नये. आपल्याला घर दाखवण्याची हौस असते, त्याला मात्र ती जागा परकी असते. निवारा केंद्रातील वास, आवाज आणि ओळखीची माणसे एका तासात नाहीशी झालेली असतात.

या दिवसांत घरातील एका व्यक्तीने दिवसातून दोन-तीन वेळा खोलीत जाऊन जमिनीवर शांत बसावे. जप करावा, हिशेबाची वही पाहावी, पुस्तक वाचावे. मांजराकडे टक लावून पाहू नये. टक लावणे हे मांजराच्या भाषेत आव्हान असते. ते आपल्याकडे पाहू लागले तर डोळे सावकाश मिटून सावकाश उघडावेत. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात असे दिसले, की माणसाने अशी संथ उघडझाप केल्यावर मांजरेही तशी उघडझाप करतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळ येण्यास अधिक तयार होतात. सामायिकाची ४८ मिनिटे स्थिर बसण्याचा सराव ज्या आजी-आजोबांना आहे, त्यांना हे काम घरात सर्वांत चांगले जमेल. ज्या मांजराला मुले बोलावून थकतात, ते बहुधा प्रथम त्यांच्याच शेजारी येऊन बसते.

पहिल्या दिवशी मांजर कमी खाते. पण पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यांना फोन करावा. दोन दिवस वाट पाहू नये. उपवासाची सवय असलेल्या आपल्या घरांत हे विशेष सांगावे लागते. काही दिवस अन्न सुटले तर मांजराच्या यकृतात चरबी साठून ते प्राणघातक आजारी पडू शकते. माणसाची अठाई साधना असते. मांजराने अन्न सोडणे हे आजाराचे किंवा भीतीचे लक्षण असते.

मांजराला चौविहार नाही

आपल्या अनेक घरांत सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर बंद होते. मांजराचे घड्याळ नेमके उलटे असते. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते सर्वाधिक जागे व भुकेलेले असते. दुपार झोपेत जाते. म्हणून मांजराच्या खोलीत रात्री थोडे कोरडे खाद्य आणि पाणी असू द्यावे. मुंग्या लागू नयेत म्हणून खाद्याची वाटी पाण्याच्या परातीत मधोमध ठेवावी. त्या परातीला बारीक जाळी घालावी म्हणजे मुंग्याही बुडणार नाहीत. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे दोरीला बांधलेल्या पिसाच्या किंवा कागदाच्या गोळ्याच्या मागे त्याला पळवावे आणि मग खाऊ घालावे. असे केल्याने ते पहाटे चार वाजता दारावर ओरखडत नाही. खेळ संपल्यावर ती दोरी कपाटात ठेवावी.

घरात गाळून उकळलेले पाणी असतेच; तेच मांजराला द्यावे. शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे साठवलेले पाणी शिळे होऊ न देता भांडे रोज बदलावे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पाण्याची दोन भांडी ठेवावीत आणि दुपारी खोलीत सावली व वारा राहील असे पाहावे. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर ते गंभीर समजावे.

वाळूचा ट्रे रोज साफ करावा. गरोदर स्त्रीने हे काम स्वतः करू नये. मांजराच्या विष्ठेतून पसरू शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीपासून गर्भाला धोका असतो. हा परजीवी विष्ठा पडल्यापासून एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतो, म्हणून रोजची स्वच्छता हा त्यावरचा चांगला उपाय आहे. त्यासाठी घरात सून गरोदर आहे म्हणून मांजर सोडून देण्याची गरज नसते.

आरोग्य

आठवडाभरात एकदा पशुवैद्यांकडे नेऊन आणावे. लसींचे वेळापत्रक लिहून घ्यावे. दुकानाच्या कॅलेंडरवर जीएसटीच्या तारखांशेजारी तीही तारीख असावी. नसबंदी झालेली नसेल तर पाच-सहा महिन्यांच्या वयात करून घ्यावी. मांजरी सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून अनेकदा विऊ शकते. ज्या पिल्लांना घर मिळणार नाही त्यांचा जन्म होऊ न देणे, हे दयेच्या विरुद्ध आहे असे समजू नये. निवारा केंद्रे ज्या कारणाने भरतात, ते मुख्य कारण हेच आहे.

माणसाची औषधे मांजराला कधीही देऊ नयेत. पॅरासिटामोलची गोळी त्याच्यासाठी प्राणघातक ठरते. कुत्र्यांसाठीची पिसवांवरील काही औषधेही मांजराला विषारी असतात. मांजर गुरगुरते आहे म्हणजे सुखी आहे, असेही नेहमी नसते. आजारी, वेदनेत असलेले मांजरही गुरगुरते. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन लघवी न होता परत येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मांजराने चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. घाटी रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे रेबीजविषयी विचारावे. हळद, चुना लावून घरी थांबू नये. रेबीज कुत्र्याप्रमाणे मांजरामुळेही होऊ शकतो.

तीन आठवडे, तीन महिने

मांजर खोलीत मोकळेपणाने वावरू लागले, शेपटी वर करून समोर येऊ लागले, पायाला अंग घासू लागले, की दुसरी खोली उघडावी. एकदम सगळे घर उघडू नये. प्राण्यांत वावरणारे लोक ढोबळ हिशेब असा सांगतात : भीती उतरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, हे आपले घर आहे असे वाटायला तीन महिने. काही मांजरांना याहून अधिक काळ लागतो. रस्त्यावर मार खाल्लेले मांजर सहा महिने मांडीवर आले नाही तरी त्यात आपले काही चुकले असे मानू नये.

घरातील मर्यादा प्रथमपासून त्याच राहू द्याव्यात. देवघराचे आणि स्वयंपाकघराचे दार बंद ठेवायचे असेल तर ते पहिल्या दिवसापासून बंद असावे. आज हौसेने ओट्यावर बसू दिले आणि उद्या रागावलो, तर मांजराला नियम कळत नाही, फक्त आपला राग कळतो. मारू नये, पाणी फेकू नये. ओरखडण्यासाठी सुतळी गुंडाळलेला एक लाकडी खांब द्यावा आणि सोफा वाचवावा. साधु-साध्वींच्या गोचरीची वेळ असेल किंवा घरी चौका लावलेला असेल, तेव्हा मांजर त्याच्या खोलीत राहील अशी व्यवस्था आधीच करावी. पहिल्यापासून ती खोली त्याला सुरक्षित वाटत असेल, तर तेथे दोन तास राहणे त्याला शिक्षा वाटणार नाही.

मुलांना सांगावे, की मांजर झोपलेले असताना, खाताना आणि ट्रेमध्ये असताना हात लावायचा नाही. उचलून फिरवायचे नाही. त्याने जवळ यावे असे वाटत असेल तर आपण बसून राहायचे. दुसऱ्याच्या इच्छेचा मान राखणे मुले या निमित्ताने रोज शिकतात.

नच जमले तर

सर्व करूनही काही घरांत जमत नाही. कोणाला दम्याचा त्रास वाढतो, कोणाची बदली होते, कोणाच्या घरी दीर्घ आजारपण येते. अशा वेळी मांजर ज्या केंद्रातून आणले तेथेच परत द्यावे आणि कारण खरे सांगावे. मोंढ्यात धान्य आहे, मंदिराजवळ दयाळू माणसे आहेत, शेतावर मोकळी जागा आहे, असे मनाचे समाधान करून त्याला कोठेही सोडून येऊ नये. घरात राहिलेल्या मांजराला तेथे अन्न शोधता येत नाही आणि तेथली मांजरे त्याला टिकू देत नाहीत. उपासमार आणि तहान यांमुळे प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला वाऱ्यावर सोडणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

घरात राहणारे मांजर पंधरा वर्षेही जगते. आज दहावीत असलेल्या मुलीने हट्टाने आणलेले मांजर तिचे शिक्षण, नोकरी आणि लग्न होईपर्यंत आई-वडिलांजवळच असण्याची शक्यता मोठी. म्हणून रविवारच्या त्या बैठकीत घरातील सर्वांनी बसावे. आजींनी आपली शंका मोकळेपणाने मांडावी आणि मुलांनी ती शेवटपर्यंत ऐकावी. आईने स्वयंपाकघराचा नियम सांगावा, वडिलांनी खर्चाचा अंदाज करावा. खाद्य कोण आणील, ट्रे कोण साफ करील, परगावी गेल्यावर कोण पाहील, हे वहीत लिहून काढावे. त्या पानावर सर्वांची नावे आली, तर निवारा केंद्राला फोन करावा. नाही आली, तर त्याच पानावर केंद्रासाठी एक रक्कम लिहावी आणि ती दरमहा पोहोचवावी. एखाद्या मांजराची लस त्यातून होईल आणि त्याला घेऊन जाणाऱ्या दुसऱ्या घराचे काम तेवढे सोपे होईल.